आमची दोन घरं एकच आहेत म्हणे

…नाही, पण मला एक सांगा, सोफा हा बसायचा की झोपायचा, यावर शहाणीसुरती माणसं अख्खी दुपार घालवू शकतात? आम्ही घालवली! ऑफिसात! तुम्हाला सांगतो, आमची कंपनी फर्निचर विकते, हल्ली वेबसाइटवर विकते, आणि साहेबांच्या डोक्यात कुणीतरी भरवलं की नुसती माहिती टाकून भागत नाही, ऑन्टॉलॉजी पाहिजे. ऑन्टॉलॉजी! मला आधी वाटलं, एखादं दुखणं असेल. नंतर कळलं, दुखणंच आहे.

मग शिकवायला एक बाई आल्या. आवाज इतका शांत, की ऐकूनच धडकी भरावी. "वेबवरची माहिती माणूस वाचतो, त्याला अर्थ लागतो. मशीनला काही कळत नाही. सगळं सांगावं लागतं." ऑन्टॉलॉजी म्हणजे हेच सांगणं, आधी प्रकार ठरवा, खुर्ची हे फर्निचर. मग नाती, पाय हा खुर्चीचा भाग. मग नियम घाला, आणि बसा, पुढचं मशीन आपलं आपण ताडतं. बसा म्हणे! कशावर बसू? सोफ्याचं ठरतंय कुठे? गोडाऊनवाला म्हणतो, "बसायचाच!" सेल्सवाली म्हणते, "अहो, मग सोफा-कम-बेडचं काय?" मी वैतागून म्हटलं, "झोपायचा! आमचे बाबा झोपतात!" सगळे माझ्याकडे बघायला लागले.

आता हे बाबांचं सांगायलाच हवं. बाबा महिनाभर माझ्याकडे, महिनाभर दादाकडे. दादा आणि मी बोलत नाही. का? तर आई गेल्यावर बाबांची खाट कुणाकडे ठेवायची, यावरून वाजलं. तो म्हणे माझ्याकडे, मी म्हणे माझ्याकडे… शेवटी खाट गेली भंगारवाल्याकडे, आणि बाबा दोन्ही घरी सोफ्यावर! माझा महिना संपला की मी दादाच्या बिल्डिंगखाली बाबांना सोडतो, बॅग फाटकाशी ठेवतो, दादा जिना उतरताना दिसला की मी पाठ फिरवतो. बाबा तर हल्ली बॅगेतले कपडेच बाहेर काढत नाहीत. "कशाला? परत भरायचेच आहेत."

तर बाईंनी गृहपाठ दिला, आपापल्या घराचं करून आणा. बसलो लॅपटॉप घेऊन. दादा म्हणजे भाऊ, वहिनी म्हणजे भावाची बायको… हेसुद्धा सांगायचं! मशीनला काही कळत नाही ना! मग नियम घातले, एकदम झोकात. प्रत्येक माणसाचं घर एकच. प्रत्येक घराची मालकीण एकच. बरोबर की नाही? मग भरलं, बाबांचं घर, माझं घर. बाबांचं घर, दादाचं घर. माझ्या घराची मालकीण बायको, दादाच्या घराची वहिनी. आणि दाबलं बटण!

मला वाटलं, चूक काढेल. छे! म्हणतं कसं, बाबांचं घर जर एकच, तर ही दोन घरं म्हणजे एकच घर. आणि घर एकच तर मालकीणही एकच, म्हणून माझी बायको आणि माझी वहिनी… एकच बाई! आणि बायको मागे उभी!

"काय? मी आणि जाऊबाई? एक? अहो, त्या कपबशी तरी विसळतात का? पुसा ते आधी!"

लावला बाईंना फोन. "मशीन चुकलंय!"

"मशीन नाही चुकलं. नाव वेगळं म्हणून घर वेगळं, असं ते धरत नाही. वेगळं असेल तर तुम्ही सांगायचं. पण मग तुमच्याच नियमाने बाबांना एका घरातून काढावं लागेल. किंवा नियम तरी बदला."

फोन स्पीकरवर होता. सोफ्यावरून बाबा म्हणाले, "लिही की वेगळी. इतकी वर्षं दोघं तेच तर सांगताय. आणि मला दोन्हीकडून काढ. मशीनला उगाच त्रास नको."

हात कीबोर्डवर, ओळ काही लिहवेना. शेवटी काय झालं कुणास ठाऊक, मी दादाला फोन लावला.

उचलल्या उचलल्या तो म्हणाला, "बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत."

"मग?"

आता काय सांगू? "अरे, ते… मशीन म्हणतंय, तुझं घर आणि माझं घर एकच आहे."

पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाला. मग दादा म्हणतो, "तुझ्या मशीनला काही कळत नाही."

"हो ना! मी पण तेच म्हणतोय!"

तुम्हाला सांगतो, आई गेल्यापासून आमचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट! मी फोन ठेवणार, तर म्हणतो, "उद्या बाबांना सोडायला येशील तेव्हा वर ये. त्या सोफ्यावर त्यांची पाठ धरते. काय करायचं ते दोघं बसून ठरवू."

झालं! म्हणजे उद्याचीही दुपार सोफ्यातच जाणार!