आठ किलो कांदे आणि तुळसावैनीचा उजवा पाय

मला एक सांगा, एका बाईची कंबर लपवायला किती किलो कांदे लागतात? आठ! तुम्हाला सांगते, आठ किलो कांदे, एक कोहळा, दोन झाडू आणि वर सुके बांगडे... आणि हे वाहायचं कुणी? जिची कंबर गेली तिने नाही हो, तिला वजन उचलायचं नाही ना! मी वाहायचं! आणि कशासाठी, तर गावाला वाटलं पाहिजे की आम्ही कुडाळच्या बाजाराला गेलो होतो. तुम्ही घरचेच म्हणून बोलते, पण कुणाला सांगायचं नाही हां.

तर आमची तुळसावैनी. माझी मोठी जाऊ. पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याआधी जिचे पाय बाहेर आले ती, आणि अशा माणसाने उसण भरलेल्या पाठीवर तीनदा पाय मारला की उसण पळते. पळते म्हणजे पळतेच, वीस वर्षं बघतेय मी! सकाळी, उपाशीपोटी, माणूस आमच्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, पालथा पडणार, वैनी एक हात तुळशीवृंदावनावर टेकणार, उजवा पाय उचलणार आणि धप्, धप्, धप्! "ऊठ रे!" की माणूस उभा. एक नारळ ठेवला की निघाला घरी. कणकवलीपासून माणसं यायची हो, आणि वैनी त्या पायाला असं जपायची, असं जपायची... रोज खोबरेल काय, फाटकी चप्पल म्हणून नाही काय! मी तिकडे भांडी घासतेय आणि ही इकडे पायाला तेल लावतेय. पण जाऊ दे, तो विषय नाही.

विषय बाबू. आमचा रिक्षावाला. आता बाबूची पाठ म्हणजे पाठ का ती? होडी उलटी घातल्यासारखी! जानेवारीत आला उसण घेऊन. वैनीने पहिला पाय मारला, दुसरा मारला, तिसरा मारला... बाबू उठला, "बरा वाटला गो वैनी!" म्हणाला, रिक्षा चालू करून गेलासुद्धा, आणि वैनी तशीच! एक पाय वर, हात तुळशीवर, बगळ्यासारखी! मी म्हटलं, "वैनी, झालं, पाय घे खाली." तर डोळ्यांत पाणी. "खाली येणा नाय गो संचिता!"

तेव्हापासून जी कंबर धरली ती धरलीच. कळ निघायची ती थेट उजव्या पायात, त्याच पायात हो, अंगठ्याला मुंग्या! पण बोलायचं नाही. कुणी पालथं पडायला आलं की मी सांगायचं, वैनी माहेरी गेली. तीन महिने माहेरी! आणि मागच्या पडवीत बसून मला दटावायची, "पायाळूची कंबर गेली असा लोकांका कळला, तर माझ्या पायाक पाठ कोण देतलो? कोणाक सांगा नको!" मी कशाला सांगतेय? मी कधी कुणाला काही सांगते का?

शेवटी गोव्याला नेलं. मशीनमध्ये घातलं, फोटो काढले. मोठे डॉक्टर म्हणाले, दोन मणक्यांमधली गादी सरकली आहे, शिरेवर दाबतेय, वजन उचलू नका, आधी ऑपरेशनशिवाय उपचार करून बघा, नाहीच जमलं तर ऑपरेशन. एवढं मोठं वाक्य, आणि वैनीने त्यातलं काय ऐकलं? शेवटचा शब्द! गाडीत बसल्यापासून, "माझो पाय जातलो गो, माझो पाय..."

मग आमच्या लेकीने, तन्वीने, फोनवर शोधलं. कुडाळात एक मणक्याची डॉक्टरीण येते, सँड्रीना म्हणून, बांद्याची. परदेशात शिकून आलेली, सुरी नाही, टाका नाही, हातांनीच मणके बघते. पण येते फक्त आठवडी बाजाराच्या दिवशी. वैनी एकदम खूश! "बरा झाला! माहेरासून इलंय, आता बाजाराक जातंव म्हणान सांगूया." आणि मला ते पटलं! आता तुम्हीच सांगा, बाजाराच्या दिवशी अख्खा गाव कुठे असतो? बाजारात! हे दोघींपैकी एकीच्या तरी डोक्यात यायला नको?

आधी खरेदी केली, पिशव्या खऱ्या दिसायला हव्यात ना. मग मी कांद्यांनी वाकलेली आणि वैनी कमरेने वाकलेली, अशा दोघी दवाखान्यात शिरलो... आणि समोर बाकड्यावर कोण? बाबू!

"तू हय काय करतस रे?" वैनी.

"मी... भाडा घेवन इलंय."

"कोणाचा भाडा?"

"भाईंचा."

आणि खरंच, कोपऱ्यात आमचे देवळातले मानकरी भाई! तिथे प्लास्टिकचा मणका टांगलेला होता, त्याच्याकडे असे टक लावून बघत होते जसा काही विकत घ्यायला आलेत. "मी काय... आपोलिनाबाईबरोबर इलंय." आणि त्यांच्या पलीकडे शेजारची आपोलिना! ती मात्र सरळ बोलली हो. "माका खोटा बोलूक येणा नाय. माझी कंबर दुखता. ह्यांची पण दुखता. आमी तिघांय तीन आठवडे येतंव."

तीन आठवडे! आणि ह्या तिघांनाही वैनीने पाय मारलेला, तिघांनीही "बरा वाटला" म्हणून नारळ ठेवलेला! आणि खोलीभर माझ्या पिशवीतल्या सुक्या बांगड्यांचा वास...

तेवढ्यात वैनीचा नंबर लागला. आत गेलो तर वैनी झोपायलाच तयार नाही. डॉक्टरणीला म्हणते, "बाय, तू पायाळू आसस?"

"नाय गो आये, मी सिझेरियन."

डॉक्टरीण हसली पण हात हलका हो तिचा. पाय वर घेऊन बघितला, टाचणीने टोचून बघितलं, मग चाकाच्या स्टुलावर बसून म्हणाली, "आता ह्या पायाने माझा हात ढकला बघू, जोरात." अहो, वीस वर्षांची सवय! वैनीने असा ढकलला की डॉक्टरीण स्टुलासकट भिंतीला! तिथूनच म्हणाली, "पायात ताकद भरपूर आहे. आज तरी ऑपरेशनचं नाव काढायचं कारण नाही." वैनीने माझा हात असा दाबला, असा दाबला... आधीच त्या हाताला कांद्याच्या पिशवीचे वळ!

मग पट्टे बांधून ते टेबल हळूहळू ताणत गेलं, व्यायाम शिकवला, आणि नियम सांगितले. सहा आठवडे वाकायचं नाही, वजन नाही, झटका नाही, मुंग्या वाढल्या तर लगेच कळवायचं.

"आणि लाथ?" वैनी.

"लाथ? कुणाला?"

"गावाक."

डॉक्टरणीने स्टूल जरा मागे सरकवलं. मग म्हणाली, "झटका देऊन कुणालाच नाही."

परत येताना सगळे बाबूच्याच रिक्षात. पुढे भाई, मागे आपोलिना, वैनी, मी, मांडीवर कोहळा, पायाशी कांदे. मग बाबूच म्हणाला, "वैनी, तुमचो पाय लागू पडता हां. पण गुण दोन दिवसच ऱ्हवता."

"मगे बोललंस कित्याक नाय मेल्या?"

"तुमका वायट वाटतला म्हणान."

शेवटी ठरलं, कोणी कोणाचं नाव काढायचं नाही. भाईंनी देवाची शपथ घातली. मग हळूच विचारलं, "डॉक्टरीण परत कधी?" "पुढच्या बाजाराक," आपोलिना म्हणाली. "म्हंजे मधले सहा दिवस..." भाई म्हणाले आणि मागे वळून वैनीच्या पायाकडे बघायला लागले.

घरी उतरलो. बाबू मदतीला येईल म्हटलं, तर तो हात जोडून, "माका पण वजन नको सांगितल्यानी!" सगळ्या पिशव्या मीच आत नेल्या. वैनी पायरीवर बसली, उजव्या पायाकडे बघत. "संपला गो. उद्यापासून ह्यो पाय नुसतो चलूक." त्या संध्याकाळी तिने तेलाची बाटली उघडली नाही. मी काय समजूत घालणार? मलाच वाकता येईना.

आणि आता हे शेवटचं, कुणाला सांगायचं नाही हां. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला बाबू, भाई आणि आपोलिना आमच्या खळ्यात ओळीने पालथे पडले होते, वैनी खुर्चीवर बसून, अजिबात झटका न देता, एकेकाच्या पाठीवर तीनदा नुसता पाय टेकवत होती, आणि आठ किलो कांद्यांनी उसण भरलेली मी चौथ्या नंबरला होते.