बाहेरची बाजू

[अमेरिकेतल्या एका ओव्हल ट्रॅकवर, सगळ्यात वरच्या सिंगल-सीटर मालिकेतली सीझनची शेवटची रेस. पिवळा झेंडा लागलाय. गाड्या वेग आवरून धरणाऱ्या पेस कारच्या मागे हळूहळू चालल्यात. कादंबरी गाडीत. तिचा स्पॉटर, म्हणजे वरून बघून आजूबाजूच्या गाड्या रेडिओवर सांगणारा, तिचा सख्खा काका रवींद्र, ग्रँडस्टँडच्या छतावर दुर्बीण आणि रेडिओ घेऊन. शेजारी दुसऱ्या टीमची माणसं.]

रवींद्र: ...म्हणून म्हणतो, पाणी पी आधी. अजून दोनेक चकरा तरी पिवळाच राहील. त्या फुटलेल्या गाडीचे तुकडे उचलतायत.

कादंबरी: प्यायले. चहासारखं गरम झालंय ते. नुसती साखर घालायची राहिलीय. काका, हॅरिस कसा दिसतोय?

रवींद्र: तुझ्या पुढेच, तिसरा. मागचे टायर संपलेत त्याचे. वळणावर शेपूट हलते.

कादंबरी: माझे ओके आहेत. गाडी आज काय चाललीय काका! सीझन संपताना शहाणी झाली.

रवींद्र: तिला नावं नको ठेवू. पहिल्या रेसला गिअरबॉक्स गेला, त्यात तिचा काय दोष?

कादंबरी: आणि दुसऱ्या रेसला भिंतीत गेली, तो माझा दोष. आय नो.

रवींद्र: मी म्हटलं का तसं? थांब जरा. इथं एक पोरगा माझ्याकडे बघून हसून राहिला.

निमिष: सॉरी काका. ते चहाचं ऐकून हसू आलं.

रवींद्र: मराठी? कुठला रे तू?

निमिष: कोथरूडचा. निमिष. आता शिकागोत असतो. हॅरिसच्या टीमचा डेटा बघतो.

रवींद्र: मग खाली स्क्रीनसमोर बसायचं सोडून छतावर काय करून राहिला?

निमिष: खरं सांगू? तुमचं बोलणं ऐकायलाच पाठवलंय. एकमेकांचे रेडिओ सगळेच ऐकतात, पण तुमचं सीझनभर कुणाला काही कळलंच नाही.

कादंबरी: काका, तुझं बटण दाबलेलंच आहे. मी सगळं ऐकलं. धिस इज नॉट फेअर यार!

रवींद्र: फेअर आहे. नियमात बसतं. आणि आपण काही लपवायला मराठी बोलत नव्हतो. घरी नेपरव्हिलला तू एवढीशी असताना गो-कार्ट चालवायचीस, तेव्हा मी कुंपणापाशी उभा राहून 'आत, बाहेर, मोकळं' ओरडायचो. तेच चालू राहिलं.

कादंबरी: मला अजून तेच आधी कळतं. इंग्लिशमध्ये कुणी सांगितलं की पोचायला उशीर होतो.

रवींद्र: मग आता ऐक. झाडूवाला ट्रक बाहेरच्या बाजूने दोनदा फिरला. टायरचा चुरा सगळा साफ. तिसऱ्या वळणावर बाहेरून जागा आहे.

कादंबरी: आणि आतून?

रवींद्र: कादंबरी?

कादंबरी: ऐकतेय. मी आतून जाईन.

रवींद्र: आत तो दार लावून बसणार. सगळ्यांना पाठ झालंय, तू आतूनच येतेस. त्या भिंतीनंतर एकदाही बाहेरून गेली नाहीस.

कादंबरी: तेव्हाही तू मोकळं म्हणाला होतास.

रवींद्र: मोकळंच होतं. गाडी नव्हती तिथे, चुरा होता, त्यावरून घसरलीस. आज तो नाही. ट्रक गेल्यापासून दुर्बिणीतून तेवढंच बघतोय मी.

कादंबरी: ती भिंत दिसली ना, की ॲक्सिलरेटरवरचा माझा पाय आपोआप उचलला जातो. मी नाही उचलत. तोच उचलतो.

रवींद्र: माहीत आहे. वरून दिसतं.

कादंबरी: दिसतं? मग बोलला का नाहीस कधी?

रवींद्र: पाय उचलूनही सातवी, पाचवी येत होतीस. काऊन बोलू? पण आज बोलतो. पुढच्या वर्षी नवीन गाड्या येणार. हिचं इंजिन काढून हिला स्पॉन्सरच्या लॉबीत उभी करणार. एकदा पळू दे तिला, तिला पळता येतं तेवढं.

कादंबरी: हे इमोशनल ब्लॅकमेल आहे.

रवींद्र: आहेच.

निमिष: काका, मला हे आमच्या लोकांना सांगावं लागेल.

रवींद्र: सांग की. नोकरी आहे तुझी.

कादंबरी: एक मिनिट. निमिष, ऐकतोयस ना? मीच सांगते. तिसऱ्या वळणावर मी बाहेरून येणार आहे. जा, सांग.

रवींद्र: अगं!

कादंबरी: बोलले ना आता? आता जावंच लागेल मला.

निमिष: सांगितलं. हसले सगळे.

रवींद्र: पेस कारचे दिवे गेले. तयार हो, तीनच चकरा उरल्यात. थांब... थांब... हिरवा! हिरवा! आत एक. आत आहे. अजून आहे. मोकळं. छान निघालीस.

कादंबरी: हॅरिस आत चिकटलाय.

रवींद्र: चिकटू दे. ही चक्कर जाऊ दे, टायर तापू दे.

कादंबरी: तापलेत काका.

रवींद्र: मग जा. बाहेर. बाहेर घे. बाजूला आलीस. आत आहे. आहे. पाय खाली. आहे... पाय खाली, पोरी... मागच्या चाकाशी आहे... मोकळं! मोकळं! ये आत!

कादंबरी: गेले? गेले मी?

रवींद्र: गेलीस! मागे बघू नको, मागचं मी बघतो. एक येतोय, पण लांब आहे. शेवटची चक्कर. श्वास घे.

कादंबरी: घेतला.

रवींद्र: सोड आता. झेंडा! तिसरी! तिसरी आलीस बाप्पा!

निमिष: अभिनंदन काका. मलाही ओरडायचं होतं हो. दाबून धरलं.

रवींद्र: तुझी माणसं काय म्हणाली होती रे?

निमिष: गंडवतायत, म्हणाले. ती बाहेरून जातच नाही. हॅरिसला सांगितलं, काही झालं तरी आतली बाजू सोडू नकोस.

रवींद्र: तुझ्यावर काही येणार नाही ना?

निमिष: छे! मी तर शब्दन् शब्द खरा सांगितला होता.

कादंबरी: काका, एक विचारू? पाय उचलला का मी?

रवींद्र: नाही.

कादंबरी: नक्की?

रवींद्र: डोळ्याची पापणी नाही लवू दिली मी. नाही उचललास.

कादंबरी: मी रडतेय, आणि हेल्मेटमध्ये डोळे पुसता येत नाहीत.

रवींद्र: वाहू दे मग. रस्ता दिसतोय ना तेवढा?

कादंबरी: दिसतोय. पिटमध्ये आलेच. सगळे भिंतीवरून उड्या मारून येतायत. आपला मेकॅनिक मॅट तर चक्क नाचतोय.

रवींद्र: इंजिन बंद केलंस?

कादंबरी: केलं. आतून बारीक टकटक ऐकू येतेय. थंड होतेय ती. काका, मला इतक्यात उतरावंसं वाटत नाहीये.

रवींद्र: मग बस की. मी जिना उतरून येईपर्यंत बस तिच्यात.