आजोबांनी सोडलेली हलगी

धायरीच्या बसमध्ये नंदाताईंच्या मागच्याच सीटवर बाप-लेक बोलत होते.

"कल्याणी, धर्मांतर केलं त्या वर्षी तुझ्या आजोबांनी हलगी नदीत सोडली. गावाच्या हुकमानं पुन्हा वाजवायची नाही, म्हणून."

"माहीत आहे, बाबा. म्हणूनच मी हलगी वाजवलेल्या अल्बमवर नाव टाकण्याआधी तुम्हाला विचारतेय."

"तुझ्यासोबत वाजवणाऱ्या त्या जपानी ढोलवाल्यांना हे सांगितलंस?"

"सांगितलं. हारुकाबाई म्हणाल्या, आमच्याकडेही ढोलाला कातडं चढवणाऱ्यांना गावाबाहेर ठेवत. ढोल मात्र देवळात."

"म्हणजे शहाणी माणसं सगळीकडेच आहेत."

"उद्या शेवटचं रेकॉर्डिंग आहे. तुम्ही नको म्हणालात, तर मी वाजवणार नाही."

"तिथे हुकूम कोणाचा चालतो?"

"माझा. ठेका मी बसवलाय. मी हलगीवर सुरुवात केल्याशिवाय त्यांचा एकही ढोल वाजत नाही."

"एवढाले ढोल तुझ्यासाठी थांबतात?"

"सहाच्या सहा."

नंदाताईंनी पर्स उघडून उगाचच काहीतरी शोधलं.

"मग नाव पूर्ण लिहायला सांग. कल्याणी भीमराव सोनकांबळे. नुसतं कल्याणी नको."