येसू, मुलगी

(महाड. कचेरीतली जन्म-मृत्यूच्या नोंदींची खिडकी. आत कारकून, बाहेर मायलेक : येसाजी आणि ठकूबाई.)

कारकून : तिसऱ्यांदा वाचतो, नीट ऐका. सन एकोणीसशे एक्केचाळीस. बापाचं नाव गोमाजी उतेकर, आईचं ठकूबाई. अपत्याचं नाव येसू. मुलगी.

येसाजी : मग समोर उभा हाय तो कोण?

कारकून : ते तुम्ही सांगायचं. तुम्ही म्हणता येसाजी. दप्तरात येसाजी नाही. येसू आहे, आणि ती मुलगी आहे.

येसाजी : मिशी हाय मला, साहेब!

कारकून : मिशांची नोंद आम्ही ठेवत नाही.

ठकूबाई : येसू, हळू बोल रे. सायेब रागावंल.

येसाजी : रागावू दे! पुढच्या गुरुवारी टीम विमानात बसणार. मॅनेजर बोलला, फक्त जन्माचा दाखला आण, पासपोर्ट मी दोन दिवसांत काढतो. सगळ्यांचे झाले. राहिला कोण? गोलकीपर!

कारकून : कसली टीम?

येसाजी : फुटबॉलची, आमच्या मिलची. आशियातल्या क्लबांचा कप चालू हाय या साली. एका देशातला एकच क्लब. पहिली फेरी मुंबईत झाली, कूपरेजला, कोलंबोवाल्यांशी. आम्ही एका गोलनं पुढं, आणि शेवटच्या मिनिटाला त्यांना पेनल्टी. पोटाशी धरला मी बॉल! अख्खं मैदान उभं राहिलं. आता दुसरी फेरी, बँकॉकला.

ठकूबाई : पायाचा खेळ म्हनतो आन सोता हातानं खेळतो.

येसाजी : आये, गप गो.

कारकून : कौतुकाची गोष्ट आहे, नाही कोण म्हणतो. पण नोंद मुलीचीच आहे.

येसाजी : लिहिली कोणी ती? गावचा पाटील काय ताडी पिऊन बसला होता?

ठकूबाई : पाटलाला नको बोलूस. मी सांगितलं ते त्यानं लिवलं.

येसाजी : तू?

ठकूबाई : तुझ्या आधी तीन पोरगे झाले. तीनी पाटलाच्या बुकात चढले आन बाराव्या दिसाच्या आत मसणात गेले. तुझ्या खेपंला सासू बोलली, पोराचं नाक टोच, पोरीचं झबलं घाल, पोरगीच झाली म्हनून सांग. पोरीकडं सटवी ढुंकून बघत नाय. मग सांगितलं. शेजारणीला, सुईणीला, पाटलाला. एकाला खरं नि एकाला खोटं सांगून कसं भागंल?

येसाजी : म्हणजे देवाला फसवलंस आणि सरकारलापण!

ठकूबाई : मी देवालाच फसवलं. सरकार मधी आलं त्याला मी काय करू?

येसाजी : आणि हे नाकाचं भोक! टीम मला नथवाली बोलते, माहीत हाय? साहेब, हे बघा भोक. आई खरं बोलते, हा पुरावा.

कारकून : अहो, नाक टोचलेलं म्हणजे नोंदीलाच दुजोरा मिळाला.

येसाजी : मग पँट सोडू का इथं, तुमच्या टेबलावर?

ठकूबाई : येसू!

कारकून : आवाज खाली. दुरुस्ती होते. अर्ज करा, गावचे दोन पंच आणा, चौकशी होईल, कागद जिल्ह्याला जाईल. दोन-अडीच महिने धरा.

येसाजी : गुरुवारी विमान हाय, साहेब. गुरुवारी!

कारकून : एक वाट आहे. मी सांगितली म्हणू नका. बाईंनी जबाब द्यायचा, येसू नावाची मुलगी लहानपणी वारली, कळवायचं राहून गेलं. तिच्या पाठचा येसाजी, त्याची नोंद करायची राहिली. उशिराच्या म्हणून दोन्ही नोंदी घेता येतात. सही करणारे रावसाहेब आज इथेच आहेत. चारच्या आत दाखला तुमच्या हातात.

येसाजी : मग लिहा की! आये, अंगठा दे.

ठकूबाई : काय लिवलं ते वाचा.

कारकून : 'माझी मुलगी येसू ही तापाने मयत झाली.' इथे अंगठा.

ठकूबाई : नाय.

येसाजी : नाय म्हणजे?

ठकूबाई : येसू तूच की रे.

येसाजी : आगो, ही कागदावरची येसू! ती कधी नव्हतीच.

ठकूबाई : नव्हती कशी? तिच्या आड तू वाढलास. आन आता मी माझ्या तोंडानं सांगू, येसू मेली?

येसाजी : कागदानं कोण मरत नाय, आये.

ठकूबाई : कागदानं तू जगलास.

येसाजी : मी जगलो नशिबानं! आणि ती तिघं हगवणीनं मेली. पोलादपूरपर्यंत डॉक्टर नव्हता म्हणून मेली. सटवीच्या नावानं कसली बोटं मोडतेस? आंबेनळी घाटातून गोऱ्या साहेबांच्या मोटारी महाबळेश्वरला थंड हवा खायला जात होत्या, आणि आपल्या वाडीतून आजारी पोर खाली आणायला धड पायवाट नव्हती. ते कोणी लिहिलं कुठल्या बुकात?

ठकूबाई : आसंल. मला काय ठावं? हा घे माझा हात. तूच धर नि तूच उठव अंगठा. मी आडवणार नाय.

येसाजी : द्या साहेब, शाई इकडं. हात सैल सोड, आये.

ठकूबाई : सोडलाय.

कारकून : टेकवा आता. मागे माणसं खोळंबलीत.

येसाजी : साहेब, मेल्याचा कागद चार वाजता, आणि जित्याचा अडीच महिन्यांनी?

कारकून : नियम मी केले नाहीत हो.

येसाजी : फाडा तो जबाब. दुरुस्तीचा अर्ज द्या.

कारकून : अहो, पण तुमचं विमान?

येसाजी : जाईल. विमान काय नथवालीसाठी थांबणार हाय? आमची मिल पुन्हा कधी या कपात पोचेल तोवर माझे गुडघे गेलेले असतील. द्या अर्ज! आणि तू पुस तो अंगठा. पदराला नको गो, डाग जायचा नाय. हा माझा रुमाल घे.

ठकूबाई : तुझ्या जागी कोन उभा ऱ्हाईल तिकडं?

येसाजी : पांडू. बदली गोलकीपर. आपल्याकडचाच, उमरठचा हाय.

ठकूबाई : त्याचा दाखला निघाला?

येसाजी : एका दिवसात. ह्याच खिडकीतून.

ठकूबाई : मग त्याच्या आयेची आधीची पोरं जगली आसतील.