तेच विचारलं तर तेच उत्तर

सन्माननीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरील आमचे संचालक, प्रमुख पाहुणे, सत्कारमूर्ती बाई, त्यांच्या शेजारी बसलेली त्यांची लेक, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे भिंतीला टेकून उभे असलेले माझे सहकारी व त्यांच्या घरची मंडळी,

निमंत्रणावर 'प्रकृतीच्या कारणास्तव निवृत्ती' असं छापलं आहे. असली मोघम वाक्यं बाईंना कधी चालली नाहीत. बाईंना विस्मरणाचा आजार झाला आहे आणि तो बरा होणारा नाही. हे मी आगाऊपणाने सांगत नाही. आजार कळला त्याच आठवड्यात त्यांनी मला बजावलं होतं, "निरोपाला तू बोल. लपवालपवी करू नकोस. आणि मी समोर असताना सांग." सांगितलं, बाई.

आता घरच्या मंडळींसाठी थोडं. आमच्या कंपनीत रक्ततपासणीचे अहवाल तयार करणारा प्रोग्रॅम लिहितात. पूर्वी तो असा होता, की एका कोपऱ्यात कोणी काही बदललं की दुसऱ्या कोपऱ्यातला आकडा गुपचूप हलायचा. एकदा एका रुग्णाचा आकडा दुसऱ्याच्या अहवालात गेला. वेळीच पकडला, म्हणून आज आपण इथे सुखाने बसलो आहोत. तेव्हा बाईंनी ठरवलं, सगळ्यांनी फंक्शनल प्रोग्रॅमिंग शिकायचं. म्हणजे काय? तर प्रोग्रॅमचा प्रत्येक तुकडा असा लिहायचा, की तेच विचारलं तर तेच उत्तर. आधी कोणी काय विचारलं, मध्ये कोण येऊन गेलं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

शिकायचं ठरलं, पण कशातून? पुस्तकांचा आणि व्हिडिओंचा नुसता सुळसुळाट. बाई प्रत्येक गोष्ट आधी स्वतः करून बघायच्या. पुस्तक आलं की प्रस्तावना सोडून थेट मधला एखादा स्वाध्याय काढायच्या आणि पेन्सिल घेऊन बसायच्या. तो सुटला नाही तरी चालायचं. पण का सुटला नाही हे पुस्तकातून कळलं नाही, तर पुस्तक परत. पहिल्याच पानावर गणितातले अवघड शब्द फेकून घाबरवणारं पुस्तकही परत. 'पंधरा दिवसांत पारंगत' म्हणणाऱ्याचं तर त्या तोंडही बघत नसत. व्हिडिओत भराभर टाइप करणारा आणि कधीच न चुकणारा कोणी दिसला की म्हणायच्या, "हा स्वतःची हुशारी दाखवतोय. चुकल्यावर काय करायचं ते दाखवणारा मला हवाय."

मी हौसेने आणलेलं एक जाडजूड पुस्तक त्यांनी जेवणाच्या सुट्टीतच नापास केलं. मी रुसलो. मग हट्टाने ते वाचून काढलं, तर बाईंचंच बरोबर निघालं. ही त्यांची वाईट सवय.

गेल्या वर्षी शुक्रवारच्या वर्गात त्यांनी एक कोर्स सुचवला. तोच कोर्स त्यांनी थोड्या दिवसांपूर्वी तासभर सोलून काढला होता. आम्हाला वाटलं, परीक्षा घेताहेत, ही त्यांची जुनी खोड. सगळे तुटून पडले. यात स्वाध्याय नाहीत, चुका दाखवलेल्या नाहीत, नुसते तयार तुकडे चिकटवायला लावलेत. बाईंनी मन लावून ऐकलं आणि म्हणाल्या, "पटलं मला. इतकं बारकाईने बघायला कोणी शिकवलं तुम्हाला?"

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्या उत्तराची वाट बघत होत्या.

त्यानंतरचं सगळं तुम्हाला माहीत आहे. बाईंची लेक दातांची डॉक्टर. तिने दवाखान्याची संध्याकाळची वेळ बंद केली. मध्यंतरी मी घरी गेलो तेव्हा म्हणाली, "काका, आईच्या आजाराबद्दल मी काय वाचू? ढीगभर आहे, काही सुचत नाही." मी बाईंचीच रीत लावली. गुण येण्याची हमी देणारे बाद. सदा हसतमुख, कधीच न वैतागणारी माणसं दाखवणारे व्हिडिओ बाद. फारसं काही उरलं नाही. खरं सांगतो, मला भीती वाटली.

तेवढ्यात बाईंनी विचारलं, "पाहुणे कधी यायचेत गं?" पाहुणा मीच होतो, समोरच बसलो होतो. लेक म्हणाली, "आई, किती वेळा सांगू?" लेक स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेलो तर नळ चालू ठेवून रडत होती. "मला नाही जमणार हे, काका."

मला समजूत घालता येत नाही. मी कपाटातून बाईंनी पसंत केलेलं प्रोग्रॅमिंगचं पुस्तक काढलं आणि तिच्यापुढे पहिला स्वाध्याय ठेवला, पेन्सिलीसकट. डोळे पुसत तिने तो सोडवला. मग विचारलं, "म्हणजे प्रोग्रॅमच्या या तुकड्याला आधीचं काहीच आठवत नाही?"

"नाही. म्हणून तो वैतागतही नाही."

तिने पान उलटलं आणि पुढचा स्वाध्याय काढला.

आज इथे बसल्यापासून बाई तिला विचारताहेत, "निरोप कोणाचा आहे गं?" माइक जवळ आहे, पुढच्या रांगांना ऐकू आलं असेल. ती दर वेळी सांगते, "तुझा, आई." पहिल्यांदा ज्या आवाजात सांगितलं, त्याच आवाजात. आणि बाईंना ते दर वेळी पहिल्यांदाच कळतं. त्या वेळचा त्यांचा चेहरा मला इथून दिसतो. तिला तर अगदी जवळून दिसतो.

अध्यक्षांनी मला वेळ दिला, आपण शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे. बोलताना काही राहून गेलं असेल, एखादी गोष्ट दोनदा आली असेल, तर पोटात घाला. बाई, कार्यक्रम संपल्यावर तुम्ही मला विचाराल, मी कोण. तुमचा विद्यार्थी, असं मी सांगेन. पुन्हा विचारलंत तरी हेच सांगेन.

नमस्कार.