एक्केचाळीस बेवारस सिम

(मिरजगावजवळची एक वस्ती, दुपार. मालनबाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या आहेत. शेजारी त्यांची पुतणी सृष्टी आणि सावेडीहून आलेली तिची वर्गमैत्रीण शॅरन. दोघी संख्याशास्त्राच्या एम.एस्सी.ला आहेत. मध्ये वस्तीत केलेल्या मोबाइल-पाहणीच्या फॉर्मांचा गठ्ठा.)

सृष्टी : मी तर म्हणते, आपला आकडा काढून टाक आणि त्या साइटवरचा घाल. शंभर माणसांमागे एक्क्याण्णव फोन. कसा शहाण्यासारखा आकडा आहे.

शॅरन : तो कुणी मोजला?

सृष्टी : खाली दुसऱ्या साइटचं नाव दिलंय.

शॅरन : ती उघडली मी. तिच्या खाली पहिलीचं नाव आहे.

मालनबाई : म्हंजी दोगी जावा. भांडं कुनी फोडलं इचारलं, का एकमेकीकडं बोट.

शॅरन : अगदी तसंच, मावशी. आणि आमच्या गाइड ज्योती मॅडम एवढंच विचारतात, मोजताना तिथं कोण हजर होतं.

सृष्टी : आपल्या आकड्याला आपण हजर होतो. पण तो आकडाच वेडा आहे. चाळीस घरं, मोठी माणसं एकशे साठ, चालू सिम एकशे सत्याऐंशी.

शॅरन : दोन-दोन सिमवाले धरूनही माणसांकडे एकशे सेहेचाळीसच सापडतात. एक्केचाळीस सिम कुणाचीच नाहीत.

सृष्टी : बेवारस. काकू, सोमवारपर्यंत ह्यांचा वारस मिळाला नाही, तर हिच्या प्रबंधातलं मोबाइलचं प्रकरण बाद. मग प्रबंध लांबणार, आणि जूनमध्ये पुण्याच्या संस्थेत हिला जी जागा मिळालीय, ती दुसऱ्याला.

मालनबाई : मोटरींचं धरलं का तुमी?

सृष्टी : काकू, आम्ही फोन मोजतोय.

मालनबाई : फोनच म्हनते मी. हिरीवरच्या मोटरीला एक कार्ड हाय, बोरच्या मोटरीला एक. दोन्हीचं रिचार्ज तुजं काकाच मारत्यात.

शॅरन : थांबा, मावशी. मोटरीला सिम?

मालनबाई : व्हय की. स्टार्टरशेजारी डबा हाय, त्यात. घरनं फोन लावायचा, ती उचलती, बोलती बी. आमच्या घरात पयल्या रिंगला फोन उचलनारी तीच येक.

सृष्टी : अगं... आमच्या विहिरीवरही आहे. लहानपणापासून बघतेय मी तो डबा.

शॅरन : आपण विचारलं, घरात किती सिम चालू आहेत. लोकांनी खरं उत्तर दिलं, आणि आपण ती माणसांत शोधत बसलो. मावशी, लावून दाखवता?

मालनबाई : हा घे फोन. ह्यांचा हाय. चार्जिंगला ठिवून बाजारला गेल्यात. 'विहीर' नाव बघ त्यात.

शॅरन : लागला. सृष्टी, ऐक, ऐक. बाई बोलतेय आतून. 'लाइट आलेली आहे. मोटर चालू करण्यासाठी एक दाबा.'

मालनबाई : एक दाबू नगं, पोरी. कांद्याला कालच पानी दिलंय.

शॅरन : नाही दाबत. बघ, सृष्टी. ही फोन उचलते, बोलते, रिचार्ज खाते, आणि माणूस नाही.

सृष्टी : झालं मग. एक्केचाळीस मोटरी. लिही आणि चल, चहा टाकते.

शॅरन : लिहू? कुणी मोजल्या?

सृष्टी : हिच्या अंगात मॅडम आल्या.

मालनबाई : आगं, समद्यांनी बसवल्यात त्या.

शॅरन : समद्यांनी म्हणजे किती, ते डबे बघून ठरवायचं. अडीच वाजलेत, अजून चार तास उजेड आहे. मी तक्त्यात नवा रकाना घालते, शेतातली यंत्रं. त्या साइटवाल्यांच्या एक्क्याण्णवातही कुणाच्या मोटरी असतील, नसतील. ते कुणालाच माहीत नाही, आणि आपल्याला आज कळणार आहे.

सृष्टी : दोन वर्षांत तुला सलग एवढं बोलताना ऐकलं नव्हतं.

शॅरन : पहिलं घर हेच. फॉर्म नंबर एक, काकांनी भरलेला. सिम चार. विहीर, बोर, काका, त्यांचा मुलगा करण. चार. जुळलं.

सृष्टी : एका घराचा निकाल लागला.

शॅरन : नाही लागला. खाली बघ. 'स्वतःचा फोन किती जणांकडे?' काकांनी लिहिलंय, तीन. तीन माणसांचे आणि दोन मोटरींचे, पाच व्हायला हवेत. मावशी, तुमचा नंबर काय?

मालनबाई : माजा? ह्यांचाच की. नायतर करनचा. ज्यो घरात आसंल त्येचा.

शॅरन : सृष्टी, बाकीचे फॉर्म कुणी भरले?

सृष्टी : पुरुषांनीच. बायका चहा करत होत्या, नाहीतर शेतात. म्हणजे तुझं एक्केचाळीसही कच्चं.

शॅरन : कच्चं. बरं झालं, आज कळलं. डबे तर बघायचेच, आणि प्रत्येक बाईला वेगळं विचारायचं. चहा नको, पाणी पिऊन निघू.

मालनबाई : थांब वाईच. माज्या नावाम्होरं आता काय लिवनार?

शॅरन : शून्य.

मालनबाई : आन मोटरीम्होरं?

शॅरन : दोन मोटरी, दोन सिम.

मालनबाई : मोटरीला सवताचा नंबर हाय, मला न्हाई. रोज मीच फोन लावते तिला, पन ह्ये कदी ध्येनात आलं न्हाई बग.

शॅरन : मावशी, तुम्हाला नको वाटत असेल, तर तुमचं घर वगळते मी.

मालनबाई : का म्हनून? खरं हाय ते लिव. फकस्त पेनानं नगं. शिसपेन्सिलीनं लिव.