दोडक्याच्या वेलाखालची कमान

मंडळी, बसा. मागे दारात उभे आहेत त्यांनी पुढे या, सतरंजीवर जागा आहे. चपला सांभाळत उभं राहायचा हा दिवस नाही.

मी गजाची अक्का. तुम्ही ज्याला अण्णा म्हणत होता, तो माझ्यासाठी गजाच. धारवाडच्या शाळेत मी सारा जन्म बोलण्यात घालवला, भरल्या वर्गाला गप्प करून बोलले. आणि आज धाकट्या भावाच्या फोटोला हार घातलाय, तर चार वाक्यं कागदावर लिहून आणावी लागली. हा क्रमच उलटा आहे. बोलायला त्यानं उभं राहायचं होतं आणि फोटोत मी असायला हवी होते. पण सुमनला, त्याच्या बायकोला, बोलवत नाही. आणि मुक्ता, त्याची लेक, म्हणाली, आत्या तूच बोल. म्हणून उभी राहिले. चुकलं तर सांभाळून घ्या. कडू लागलं तर तेही घ्या.

माझ्याआधी जे बोलले ते मनापासून बोलले. कोणी म्हणालं, अण्णांना हवं तसं मरण आलं, आपल्या लाडक्या ट्रॅक्टरवर बसून गेले. नाही हो. नाही. मी दवाखान्यात होते. त्याचं तोंड मला बघू दिलं नाही. पांढऱ्या कापडाबाहेर एक हात होता, नखांत ग्रीस भरलेलं, त्यावरून मी माझा भाऊ ओळखला. हवं तसं मरण असं नसतं. मला दुःख आहेच, पण त्याहून जास्त राग आहे, आणि तो मी आज गिळणार नाही.

कोल्हापूरहून आलेल्या पाहुण्यांना सगळं ठाऊक नसेल, म्हणून सांगते. आमचं बेअरिंगचं दुकान. आजोबा निपाणीकडून हुबळीला आले आणि इथलेच झाले. दुकान गजाच्या पोटाचं, पण जीव त्याचा जुन्या ट्रॅक्टरांत. कुठल्या खेड्यात गोठ्यामागे, बाभळीच्या जाळीत एखादा ट्रॅक्टर गंजत पडलाय असं कानावर आलं की हा जेवत्या ताटावरून उठायचा. भंगारवाल्याच्या आधी पोचायचं. आणायचा, तारिहाळच्या शेडमध्ये ठेवायचा, आणि गंजून घट्ट बसलेल्या इंजिनात तेल सोडून वाट बघत बसायचा. महिनोन्महिने. सुमन म्हणायची, माझ्या बाळंतपणातसुद्धा हा माणूस इतका धीरानं बसला नव्हता.

आणि त्याची एक पद्धत होती. तयार झालेला ट्रॅक्टर पहिल्यांदा तो स्वतः कधी चालू करायचा नाही. ज्या घरून तो विकत आणला असेल, त्या घरातल्या सगळ्यात वडील बाईला बोलवायचा. ती बॉनेटवर हळदकुंकू लावणार, नारळ ठेवणार, मग तिचा हात लागल्यावरच इंजिन चालू करायचं पुढचं हँडल फिरवायचं. नवलगुंदाकडची एक म्हातारी आली होती. नवी नवरी म्हणून ती ज्या गाडीत बसून घरी आली, ती गाडी म्हणजे हाच ट्रॅक्टर आणि त्यामागची ट्रॉली. इंजिन धडधडलं तेव्हा तिनं मडगार्डवर हात ठेवला आणि काढेचना. तो ट्रॅक्टर म्हणजे 'थोरला'. गजानं दुरुस्त केलेला पहिला, म्हणून थोरला. मुक्ता चिडवायची, अप्पा, तुमचा थोरला तो लाल, मी आपली धाकटी.

त्याच थोरल्यानं त्याला मारलं.

आता इथे जे ट्रॅक्टरवाले बसलेत, तुमचं जे मंडळ आहे, त्यांना मी काय सांगणार? तुम्हाला माझ्याहून जास्त कळतं. पण तुमचा एक नियम आहे, तो मला कळतो. सगळं मूळचं हवं. कारखान्यानं दिलं नाही ते लावायचं नाही, दिलं ते काढायचं नाही. दर वर्षी तुम्ही जमता, एकमेकांच्या गाड्यांखाली आडवे होता आणि बोल्ट मूळचा की बाजारचा ते बघता. एकानं बिचाऱ्यानं पाठ दुखते म्हणून सीटवर गादी बसवली, तर वर्षभर त्याला 'गादीवाले' म्हणत होता. गजाही म्हणत होता. आणि घरी येऊन स्वतःच्या कमरेला तेल चोळून घेत होता.

वेड होतं, बरं का. गोड वेड होतं. मीही हसायचे.

मुक्ता तारिहाळलाच एका कारखान्यात फॅब्रिकेशन बघते. तिनं बापासाठी एक कमान केली. ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या पाठीमागे उभी करायची, जाड पाइपची, डोक्याहून उंच. गाडी उलटली तर कमान जमिनीला टेकते आणि माणसाला जागा उरते. सोबत कमरेचा पट्टा. पोरीला बाप ठाऊक होता, म्हणून तिनं थोरल्याला एकसुद्धा भोक पडणार नाही अशी ती केली. पकडी आवळल्या की बसते, सोडल्या की निघते. रंगसुद्धा तोच लाल.

गजानं ती हातानं चाचपून बघितली. म्हणाला, वेल्डिंग सुरेख झालंय गं. आणि दुसऱ्या दिवशी केशवापूरच्या घरी, परसात, ती कमान रोवली आणि तिच्यावर दोडक्याचा वेल चढवला.

मला बोलावून दाखवली. "बघ अक्का, पोरीनं मांडव दिला." मी म्हटलं, "अरे गाढवा, ही तुझ्या डोक्यावर असायची वस्तू आहे." तर म्हणाला, "अक्का, थोरल्यावर ती कमान म्हणजे आजोबांच्या फोटोला गॉगल. मंडळात तोंड कसं दाखवू?"

मंडळात तोंड कसं दाखवू. हे त्याचे शब्द. मी बदललेले नाहीत.

दोडके भरपूर लागले. सुमननं भाजी केली, शिरांची चटणी केली, डबा भरून धारवाडला मला पाठवली. चटणी झकास होती. मी ती पुरवून पुरवून खाल्ली.

त्या दिवसाचं सांगते, आणि शंकरप्पांच्या तोंडून ऐकलेलं सांगते. शंकरप्पा अमरगोळच्या मार्केट यार्डातले अडते, गजाचे जिवाभावाचे दोस्त, तिथे हजर होते. ते पुढेच बसलेत. शंकरप्पा, मान वर करा. तुमचा काही दोष नाही.

एका शेतात, गोठ्यामागे, एक जुना ट्रॅक्टर काळ्या मातीत आसापर्यंत रुतलेला. भंगारवाला येणार अशी खबर. वर आभाळ भरलेलं, पाऊस पडला की काळी माती काय करते ते इथे कोणाला सांगायला नको. गजा थोरला घेऊन गेला. क्रेन आणू या म्हटलं तर नाही म्हणाला. थोरल्यानंच ओढायचं.

ओढताना साखळी ट्रॅक्टरच्या मागे खाली जो दांडा असतो, त्याला बांधतात. खाली. हे शेतातल्या कोणालाही कळतं, आणि गजानं तर कितीतरी जणांना शिकवलं. साखळी वर बांधली तर ताण आला की ट्रॅक्टरचं तोंड उचलतं आणि तो मागे उलटतो, माणसाला उडी मारायलाही सवड देत नाही. हे त्याला पाठ होतं. पण थोरल्याचा तो दांडा मूळचा. पंजाबपर्यंत शोधून कुठूनसा मिळवलेला. इतक्या रुतलेल्या धुडाला ओढताना तो वाकला असता.

म्हणून त्यानं साखळी वर बांधली. सीटखालच्या लोखंडाला.

शंकरप्पा म्हणाले, "अण्णा, सरपळी केळग कट्री." पाहुण्यांनो, म्हणजे साखळी खाली बांधा. गजा म्हणाला, "तो मूळचा दांडा आहे शंकरप्पा. वाकला तर दुसरा कुठून आणू?" आणि वर म्हणाला, "तुम्ही सगळे लांब उभे राहा, साखळी तुटली तर कोणाला लागेल."

असा होता माझा भाऊ. दुसऱ्याला लागू नये म्हणून सगळ्यांना लांब उभं केलं. हँडल फिरवताना अंगठा आत धरू नको, उलटं फिरलं तर मनगट मोडेल, हे मुक्ताला शंभरदा बजावायचा. दुसऱ्याच्या बोटाची काळजी. दांड्याची काळजी. एवढी काळजी त्याच्याकडे होती, मग स्वतःच्या वाटणीला काहीच कसं उरलं नाही?

क्लच सोडला, साखळी ताणली, पुढची चाकं उचलली. बस. शंकरप्पांना ओरडायलाही वेळ मिळाला नाही.

पुढचं मी सांगणार नव्हते. पण सांगते, नाहीतर मी उभी कशाला राहिले? तो स्टिअरिंगखाली अडकला होता. गेला होता, हे सगळ्यांना कळत होतं. त्याला बाहेर काढायला गॅस कटर आणला. आणि कटर लावताना गर्दीतून एकजण म्हणाला, "जपून, स्टिअरिंग मूळचं आहे."

तो माणूस आज इथे आहे. मी नाव घेणार नाही, आणि कोणी मान वळवून शोधूही नका. तो वाईट माणूस नाही. खांदा द्यायला तो पुढे होता, रडत होता. त्याच्या तोंडून ते सवयीनं गेलं. पण मंडळी, बघा की, सवय कुठवर गेली. खाली माझा भाऊ आहे, आणि वर लोखंडाला जपा म्हणतायत. त्याच्या जागी गजा असता तर तोही कदाचित हेच म्हणाला असता. म्हणूनच मला जास्त भीती वाटते.

आता मघाशी अध्यक्षांनी मंडळाचा ठराव वाचला. थोरला होता तसा उभा करायचा. कापलं गेलं तसंच दुसरं मूळचं स्टिअरिंग शोधायचं. आणि खंडेनवमीला अमरगोळच्या यार्डातून ट्रॅक्टरांची मिरवणूक निघेल तेव्हा सगळ्यांच्या पुढे थोरला, आणि त्यावर मुक्ता. तुम्ही टाळ्या वाजवणार होता, शोकसभा आहे हे आठवून थांबलात. मी बघितलं.

सुमनकडे कोणी बघितलं का? मी बघितलं. तिच्या हातातला पदर मुठीत आवळलेला होता, अजून आहे.

मी म्हणत नाही की तो भंगारात घाला. परवापर्यंत म्हणत होते, कबूल. मी स्वतः घण घेऊन जाणार होते त्याच्यावर. मुक्ता म्हणाली, आत्या, अप्पांचा हात त्याच्या बोल्टाबोल्टावरून फिरलाय, तो मोडलास तर माझ्याकडे काय उरेल? मी घण जागेवर ठेवला. तिनं चालवावा. बापासारखीच हट्टी आहे, नको म्हटलं तर पहाटे उठून चालवेल. मला फक्त एवढं हवंय की ती त्याच्यावर बसेल तेव्हा तिच्या पाठीमागे कमान असेल आणि कमरेला पट्टा असेल. एवढंच.

सभेआधी चहाच्या वेळी मी हे बोलले, तर एकदोघं हळूच म्हणाले, "अक्का, तुमचं बरोबर आहे, पण मग तो मूळचा राहणार नाही. अण्णांनाही आवडलं नसतं."

नसतंच आवडलं. मला माहीत आहे. पण अण्णांना जे आवडत होतं त्यानं अण्णा गेले. आणि मूळचं म्हणाल, तर माझा गजा मूळचा होता हो. आईच्या पोटचा, माझ्या पाठचा, एकच. कारखान्यात दुसरा निघत नाही. तो म्हणाला ना, दांडा वाकला तर दुसरा कुठून आणू? दांडा सरळ आहे. मी जाऊन बघितला, केसभरसुद्धा वाकलेला नाही. आता तुम्ही मला सांगा, गजा कुठून आणू?

कोणी बोलू नका.

काल सकाळी मी केशवापूरला परसात गेले आणि विळ्यानं तो दोडक्याचा वेल मुळातून कापला. फुलं होती, कोवळे दोडके होते. सुमन दारात उभी होती, अडवलं नाही तिनं. मुक्तानं आणि मी कमान उपटली, पायाची माती धुतली. ती बाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकवून ठेवली आहे. येताना तुम्ही तिच्यावर छत्र्या अडकवल्यात. काही ठिकाणी वेलाचे तंतू अजून चिकटलेत, ते निघता निघत नाहीत.

आता आपण शांत उभं राहायचं आहे. रीत आहे. पण आज रीतीत थोडा बदल मी माझ्या वयाच्या जोरावर करते, गजाची थोरली बहीण म्हणून. मंडळातल्या ज्यांना थोरल्यावर ती कमान मान्य आहे, आणि जे आपल्याही ट्रॅक्टरवर तशी बसवतील, आपल्या बायकापोरांच्या जिवाला स्मरून बसवतील, त्यांनीच उठावं. ज्यांना मान्य नाही त्यांनी बसून राहावं. मी रागावणार नाही. पण खाली मान घालू नका, सुमनकडे बघत बसा.

गजा, लेका, तुझी अक्का उभी आहे. पाय दुखतायत, पण उभी आहे.

मुक्ता उठली. शंकरप्पा उठले.

बाकीच्यांची मी वाट बघते.